रिकाम्या होडीवर जिंकलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून वारा घालतो तो पंखा माझा लांबचा नातेवाईकही लागत नाही. मी होडीच्या इंजिनाचा पंखा. पाण्याखाली गरगर फिरायचं आणि होडी पुढे ढकलायची, एवढंच माझं काम. मला तीन पाती आहेत, अंग स्टीलचं आहे आणि मधल्या बोंडावर दोन आकडे कोरलेले आहेत, नऊ आणि बारा. सध्या मी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. येणारेजाणारे माझ्याकडे बघून म्हणतात, "काय चकाकतोय हा!" पूर्वी असं कुणी म्हटलं की मी फुलून जायचो. आता वाटतं, मला भिंतीकडे तोंड करून टांगलं असतं तर बरं झालं असतं.

आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपले पराक्रम सांगतो. माझ्या नावावर पराक्रम एकच आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते. तरीही सांगतो. निदान सांगून टाकल्यावर तुमच्यासमोर मान वर करता येईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं स्टील साच्यात ओतलं, थंड केलं, आणि मग एका कामगाराने मला फिरत्या चाकावर धरून इतकं घासलं, इतकं घासलं की त्याला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. "झालास बघ नवरदेव," तो म्हणाला आणि मला खोक्यात घातलं. आयुष्यात कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य. तिथेच माझं डोकं फिरलं असावं.

आता त्या दोन आकड्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळेच घडलं. पहिला आकडा माझ्या रुंदीचा, नऊ इंच. दुसरा माझ्या पात्यांच्या पिळाचा. लाकडात स्क्रू जसा फिरत फिरत पुढे घुसतो तसा मी पाण्यात घुसतो, आणि एका फेऱ्यात बारा इंच पुढे जायचं हा माझा बाणा. नऊ पिळाचा पंखा एका फेऱ्यात नऊच इंच जातो. म्हणजे मी श्रेष्ठ, असं मला वाटायचं. पण मला फिरवताना इंजिनाला किती जोर काढावा लागतो, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. सायकलचा जड गिअर सपाट रस्त्यावर छान पळवतो आणि चढावर मांड्या भरून आणतो, तसलाच तो प्रकार होता.

कारखान्यातून मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात आलो. माझ्या डोक्यावर दिवा होता. तिथे भाऊ दर आठवड्याला यायचा, काचेला नाक लावून उभा राहायचा आणि निघून जायचा. धक्क्यावरचे सगळेच त्याला भाऊ म्हणत, आणि त्याच्या बायकोला वहिनी. दोघं मिळून मासेमारी करायची. तो इंजिन सांभाळायचा, ती जाळं टाकायची. त्यांची होडी चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, इतकी हलकी की रिकामी असली तर दोघंच उचलून वाळूवर ठेवत.

त्या होडीचा सगळा संसार वहिनीच्या वडिलांनी जुळवून दिला होता. वडील म्हणजे धक्क्याशेजारच्या शेडचे मिस्त्री. होडी कुणाची, वजन किती, इंजिन केवढं, पंखा कोणता, या सोयरिकी जुळवण्यात त्यांची हयात गेली होती. भाऊला पंचवीस घोड्यांचं इंजिन हवं होतं. मिस्त्रींनी त्याला होडीच्या मागच्या फळीजवळ नेऊन तिथली पाटी दाखवली. पाटीवर वीसपर्यंतच परवानगी होती. "जावईबापू, पंचवीसचं इंजिन बसवलंत तर होडी मागे बसेल आणि नाक आभाळात जाईल," ते म्हणाले आणि पंधराचं बसवलं. त्याला पंखा लावला नऊ बाय नऊ, ॲल्युमिनियमचा, राखाडी रंग फासलेला, बघत राहावं असं काहीएक नसलेला.

पंखा पसंत करायची मिस्त्रींची एक रीत होती. ते रिकामी होडी कधीच पळवून बघत नसत. टाकी भरायची, मालाच्या पेट्यांमध्ये पाण्याचे कॅन ठेवायचे, जाळं मुद्दाम भिजवून आत टाकायचं, दोन माणसं बसवायची. मग फेरे मोजायचं यंत्र गळ्यात अडकवून ते इंजिन पूर्ण ताकदीने सोडायला सांगायचे. मिनिटाला पाच हजारांच्या वर फेरे गेले तर तो पंखा त्या होडीचा. नाही गेले तर पीळ कमी असलेला दुसरा. "रिकाम्या होडीला काही विचारू नका," ते गिऱ्हाइकांना सांगत. "ती खोटं बोलते."

भाऊला हे पाठ होतं. पण धक्क्यावर लांब्या नावाचा एक उंच, बडबड्या होडीवाला होता. रोज सकाळी निघताना तो भाऊच्या होडीला मागे टाकायचा आणि वळून हात हलवायचा. दोन वर्षं भाऊने तो हात बघितला. एके दिवशी तो दुकानात आला आणि त्याने काचेतून मला बाहेर काढायला लावलं.

भाऊने राखाडी पंख्याची पिन काढली, नट सैल केला, त्याला उतरवून पुढच्या बाकाखालच्या कप्प्यात टाकलं आणि त्याच्या जागी मला बसवलं. वहिनीने विचारलं, "हा कुठला नवीन?"

"स्टीलचा आहे. नऊचाच," भाऊ म्हणाला.

"बाबांना विचारलंत?"

"विचारलं. चालेल म्हणाले."

एका दमात दोन थापा. मित्रांनो, मी तिथेच होतो. माझ्या अंगावर बारा कोरलेलं होतं आणि भाऊचा अंगठा बरोबर त्या आकड्यावर होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला पाण्यात जायची घाई झाली होती.

भाऊ एकटाच निघाला. जाळं नाही, पेट्या नाहीत, टाकी अर्धी. मी असा सुटलो की सांगता सोय नाही. होडी पाण्यावर अलगद उठली आणि घसरत निघाली. लांब्या त्याच्या होडीत होता, तोही रिकामाच. आम्ही त्याला गाठलं, मागे टाकलं, आणि भाऊने दोन वर्षांची परतफेड म्हणून दोन्ही हात हलवले. धक्क्यावर गर्दी जमली. भाऊने इंजिन वर उचलून मला सगळ्यांना दाखवलं. माझ्या पात्यांवरून पाणी निथळत होतं, ऊन पडलं होतं आणि लोक वाहवा करत होते. राखाडी पंखा कप्प्याच्या अंधारात पडून हे ऐकत असेल, असाही विचार माझ्या मनात आला. आणि तो विचार मला गोड वाटला होता, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी होडी भरली. जाळं, पेट्या, दोन माणसं, परतताना ओला माल. भाऊने इंजिन सोडलं, मी जोर लावला, आणि होडी उठेना. नाक वर करून ती नुसती पाणी ढकलत राहिली. वरून इंजिनाचा आवाज यायला लागला, दमेकऱ्यासारखा खोल आणि घोगरा. पाच हजार फेऱ्यांचा गडी तो, माझ्या पिळापायी चार हजारांवर कसाबसा पोचत होता. मी जरा कमी पाणी कापलं असतं तर त्याला श्वास घेता आला असता. पण पीळ माझ्या अंगातच होता.

वहिनी म्हणाली, "अहो, इंजिनाचा आवाज बसलाय."

"पेट्रोलमध्ये पाणी असेल," भाऊ म्हणाला आणि त्याने मूठ आणखी पिळली.

असे चार महिने गेले. शेडसमोर इंजिन वर उचलायचंच नाही, एवढी खबरदारी भाऊ घ्यायचा, म्हणून मिस्त्रींना मी कधी दिसलो नाही. सकाळी रिकाम्या होडीने मिरवायचं आणि दुपारी भरल्या होडीने इंजिनाचा जीव काढायचा. भाऊला कळत नव्हतं असं नाही. राखाडी पंखा परत लावला तर सकाळी लांब्या पुढे जाणार, लोक विचारणार, ही धास्ती त्याला होती. आणि खरं सांगू? मलाही होती.

मग एका दुपारी, भरलेल्या होडीत, इंजिनाने एक आचका दिला आणि ते थांबलं. इंजिन चालू करायची दोरी ओढून बघितली, ती हलेना. आतला पिस्टन तापून जागीच अडकून बसला होता. वहिनीने वल्ही घेतली. किनारा चांगला तासाभराच्या अंतरावर होता. तिच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, तरी ती थांबली नाही. भाऊ हात पुढे करायचा आणि ती म्हणायची, "तुम्ही इंजिनाचं बघा." बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

होडी धक्क्याच्या उतारावर लागल्यावर वहिनी वडिलांना बोलवायला शेडकडे गेली. भाऊ एकटा राहिला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, पाना काढला, मला उतरवलं, गोणपाटात गुंडाळलं आणि कप्प्यात सारलं. राखाडी पंखा बाहेर गेला. मिस्त्री आले तेव्हा तो आपल्या जुन्या जागी होता आणि मी अंधारात. कप्प्याचा पत्रा पातळ असतो, बाहेरचं सगळं ऐकू येतं.

"पंखा तर बरोबर आहे," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. "मग असं कसं झालं?" वहिनीच्या लेखी मीही नऊचाच होतो आणि बाबांना विचारून लावलेला, त्यामुळे राखाडी पंखा परत दिसल्याचं तिला विशेष वाटलं नाही; बाकीच्यांनी माझी चकाकी बघितली होती, आकडे नाहीत.

एवढ्यात आजूबाजूचे होडीवाले जमले. लांब्याही आला. कुणीतरी विचारलं, काय झालं भाऊ? भाऊला तेव्हा नुसतं गप्प बसता आलं असतं. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि तो म्हणाला, "काय होणार? चार महिन्यांपूर्वी मामांनीच सर्व्हिसिंग केलं होतं. वय झालंय त्यांचं. काहीतरी राहिलं असेल."

सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. मिस्त्रींनी जावयाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, त्या दिवशीही दिलं नाही. ते एवढंच म्हणाले, "इंजिन शेडमध्ये आणा, जावईबापू. बघतो."

मित्रांनो, मला तोंड नाही. पण असतं तर मी बोललो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे, आणि उत्तर माझ्या बाजूने येत नाही.

होडी शेडसमोरच उलटी करून ठेवली होती, त्यामुळे पुढचे दिवस मी मिस्त्रींचं बोलणं ऐकत काढले. त्यांनी इंजिन उघडलं. पिस्टन बदलला, सिलिंडर घासून घेतला. ते जोडून पाण्याच्या पिंपात सोडलं तर झकास चाललं. झालं होतं काम. तरी त्यांनी ते पुन्हा उघडलं. मग तिसऱ्यांदा. ते स्वतःची चूक शोधत होते.

"पाण्याच्या पंपाचं रबर मी बदललं होतं ना गं?" त्यांनी एकदा लेकीला विचारलं.

"बदललं होतंत बाबा. तुम्ही दर वर्षी बदलता."

"मला आठवतंय बदलल्याचं. पण ते मागल्या वर्षीचं आठवत असेल तर?"

मिस्त्री खडूने भिंतीवर लिहू लागले, रबर बदललं, प्लग घट्ट केला, तेल घातलं. एकेका कामापुढे बरोबरची खूण. ज्या माणसाने चाळीस वर्षं डोळे मिटून इंजिनं जोडली, तो आता नट आवळून झाल्यावर हात उजेडात धरून बघायचा, कापतो का म्हणून. तो हात कापत नव्हता. पण सारखं बघत राहिल्यावर कुणाचाही हात थोडा हलतोच.

धक्क्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. मिस्त्रींचं आता काही खरं नाही, असं लोक म्हणू लागले. लांब्याने आपलं इंजिन रस्त्यापलीकडच्या वर्कशॉपमध्ये नेलं, मग आणखी दोघांनी. महिना संपता संपता मिस्त्रींनी पाने पुसले, तेल लावून फडक्यात गुंडाळले आणि लेकीला सांगितलं, "या महिन्याअखेर शेड बंद करतो. कुणाची होडी माझ्या हातून मध्येच बंद पडली, आणि आत माणसं असली तर? त्या दिवशी तू होतीस म्हणून वल्ही मारत आलीस."

मी गोणपाटात पडून होतो. माझ्यावर अजून एकही डाग नव्हता. गंजलो असतो तर थोडं बरं वाटलं असतं, पण आमच्या जातीला गंजही लवकर चढत नाही.

शेवटी मी सापडलो तो नांगराच्या दोरीमुळे. इंजिन परत बसवायचं म्हणून होडी सरळ केली होती. वहिनी दोरी शोधत कप्प्यात हात घालत होती, तिच्या बोटांना गोणपाट लागलं. तिने मला बाहेर काढून उन्हात धरलं. आधी ती नुसती चकित झाली. मग तिने बोंड पालथं करून आकडे वाचले. मिस्त्रींची लेक ती, तिला दोनदा वाचावं लागलं नाही. ती मला मांडीवर घेऊन होडीच्या कडेवर बसली. तिच्या तळहातावर वल्ह्यांच्या फोडांचे वण होते. ते माझ्या पात्याला लागत होते.

घरी तिने मला जेवणाच्या टेबलावर, भाऊच्या ताटाशेजारी ठेवलं. भाऊ हात धुऊन आला आणि उभाच राहिला.

"वहिनी मी धक्क्यावरच्या लोकांची," ती म्हणाली. "पण बाबांची मी मुलगी आहे. महिनाभर ते माझ्यासमोर स्वतःला वेड्यात काढतायत, आणि तुम्ही रोज तिथे चहा पिऊन येताय."

"मी सांगणारच होतो," भाऊ म्हणाला. "रोज सांगायला म्हणून जायचो."

"मग?"

"ते मलाच विचारायचे, जावईबापू, चहा घेणार का. मग तोंडच उघडायचं नाही."

वहिनीने ताट बाजूला सारलं. "उद्या सकाळी. जिथे बोललात तिथेच, ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर. तुम्ही नेता की मी नेऊ?"

सकाळी भाऊने मला हातात धरून नेलं, गोणपाट नाही, पिशवी नाही. रस्त्यात भेटणारे विचारत होते, काय भाऊ, परत शर्यत का? तो मान खाली घालून चालत राहिला. उतारावर सगळे होडीवाले होते, लांब्याही होता. मिस्त्री शेडच्या दारात पिंप रिकामं करत होते. भाऊने मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. तेच ऊन माझ्यावर पडलं, तीच माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्या वेळी मला जगातल्या कुठल्याही पाण्याच्या तळाशी जाऊन पडायला आवडलं असतं.

"मामा, इंजिन जळलं तेव्हा हा लावला होता," भाऊ मोठ्याने म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बारा पिळाचा. तुम्ही यायच्या आत मी काढून लपवला. तुमचं काही राहिलं नव्हतं. मी खोटं बोललो."

मिस्त्रींनी दोरीने गळ्यात बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, मला उचललं आणि आकडे वाचले.

"किती दिवस होता?"

"चार महिने."

"रिकामी पळवून बघितली होती?"

"हो."

मिस्त्री रागावतील, मला दगडावर आपटतील असं मला वाटलं. ते व्हावं असंही वाटलं. पण त्यांनी मला हळूच खाली ठेवलं आणि आपले दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, पुन्हा उताणे केले.

"म्हणजे हात नव्हते," ते म्हणाले. "हात नव्हते माझे."

भाऊ तिथेच खाली बसला आणि रडला. वहिनी वडिलांजवळ जाऊन उभी राहिली. लांब्याने दुपारी आपलं इंजिन परत आणलं, पिंपाशेजारी ठेवलं आणि निघून गेला.

शेड बंद झाली नाही. मिस्त्रींनी मला भिंतीवर टांगलं, पण शिक्षा म्हणून नव्हे. कुणी विचारलं तर ते सांगतात, "पंखा उत्तम आहे. मोठं इंजिन आणि हलकी होडी मिळाली तर सोनं करील. याला चुकीच्या घरी दिलं." ते माझ्याबद्दल चांगलं बोलतात तेव्हा मला सगळ्यात जास्त लाज वाटते. राखाडी पंखा आजही भाऊच्या होडीला आहे. लांब्या रोज सकाळी पुढे जातो आणि भाऊ त्याला आधीच हात हलवून मोकळा होतो.

मित्रांनो, कधी कुणाची जोडी जुळवायची वेळ आली, इंजिनाची असो की कशाचीही, तर भरलेली होडी पळवून बघा. आणि तुमच्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फुटत असेल तर त्याच दिवशी बोला, त्याच तासाला बोला. महिनाभराने बोललात तर माफी मिळते, पण सगळं परत मिळत नाही. मला हे कसं माहीत, तर मी दिवसभर या भिंतीवरून मिस्त्रींना काम करताना बघत असतो. नट आवळून झाला की ते पाना खाली ठेवतात. दोन पावलं जातात, थांबतात, परत येतात आणि तोच नट पुन्हा आवळून बघतात. पूर्वी ते एकदाच आवळायचे.